बँडच्या जुन्या डेमोंची पेटी उघडताना

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन शहरात रॉबर्ट पोलार्ड नावाचे एक शाळामास्तर होते. शाळा सुटली की मित्रांना गोळा करून तळघरात, गॅरेजमध्ये गाणी रेकॉर्ड करायची, तीही बहुतेक चार ट्रॅकच्या, म्हणजे चार आवाज वेगवेगळे भरता येणाऱ्या, कॅसेट मशीनवर. त्यांचा बँड म्हणजे ‘गाइडेड बाय व्हॉइसेस’. १९९४ साली आलेल्या त्यांच्या ‘बी थाउजंड’ या अल्बमवर जेमतेम ३६ मिनिटांत २० गाणी आहेत, आणि त्यांतली कित्येक जुन्या कॅसेटींमधून उचललेली आहेत. एवढं वापरूनही मागे राहिलेल्या टेपांची एक सूटकेस भरलेलीच होती. २००० साली त्या सूटकेसमधली १०० गाणी चार सीडींच्या संचात बाहेर आली. संचाचं नावही ‘सूटकेस’ आणि प्रत्येक गाण्यापुढे वेगळ्याच काल्पनिक बँडचं नाव. पुढे २००५, २००९ आणि २०१५ मध्ये आणखी तीन संच आले, प्रत्येकी शंभर गाण्यांचे.

आपल्याकडे सूटकेसऐवजी बुटांचा खोका असतो आणि तो माळ्यावर असतो. आमच्या बँडच्या खोक्यात ४१ कॅसेटी, सहा सीडी, एक मिनिडिस्क (रेकॉर्डिंगची छोटी डिजिटल चकती) आणि बंद पडलेली एक हार्ड डिस्क निघाली. त्या सगळ्याचा नीट संग्रह करायला मला सव्वा वर्ष लागलं. हाताशी कुणी सांगणारं असतं तर सहा महिन्यांत झालं असतं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो: टेपवर जे आहे ते आधी जसंच्या तसं उतरवून घ्या, मग ओळखा, मग निवडा. डेमो, म्हणजे गाण्याचं कच्चं रेकॉर्डिंग, सुधारण्याच्या फंदात पडू नका. पंचवीस वर्षांनी ऐकणाऱ्याला त्यातून ती खोली, ती संध्याकाळ आणि ती चार माणसं ऐकू यायला हवीत.

ऐकायच्या आधी नोंद

खोका हाती आला की पहिली ऊर्मी येते ती कॅसेट डेकमध्ये घालून बटण दाबायची. ती आवरा. वर्षानुवर्षं पडून असलेली टेप मळक्या डेकमध्ये घातली तर पहिल्याच फेरीत डेक ती खातो, आणि त्या गाण्याची जगात दुसरी प्रत नसते.

आधी प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या. क्रमांकाची चिकटपट्टी डबीवर न लावता कॅसेटच्या अंगावर लावा, कारण डब्या हमखास अदलाबदल झालेल्या असतात. दोन्ही बाजूंचे आणि आतल्या कार्डाचे फोटो काढा. कार्डावर जे लिहिलंय ते अक्षर न् अक्षर वहीत उतरवा, चूक असली तरी चुकीसकट. आमच्या एका कॅसेटवर नुसतं ‘पाऊस वाला, नितळ नाही’ असं लिहिलेलं होतं. आठ महिन्यांनी कळलं की ‘नितळ’ हे एका गाण्याचं कच्चं नाव होतं आणि ते त्या टेपवर नव्हतं. कार्डावरचं मी ‘शुद्ध’ करून लिहिलं असतं तर तो धागा तिथेच तुटला असता.

वहीचे रकाने असे ठेवा: क्रमांक, प्रकार, लांबी, कार्डावरचा मजकूर, तारीख आणि ती पक्की की अंदाजी, कुठे रेकॉर्ड केलं, कोण कोण वाजवतंय, कशावर रेकॉर्ड केलं, वस्तूची अवस्था. हे सगळं संगणकावरच्या तक्त्यात भरलं तरी एक कागदी वही ठेवा. डेकजवळ बसल्यावर हाताने लिहिणं सोपं जातं.

मग कॅसेटच्या वरच्या कडेवरच्या दोन्ही छोट्या प्लास्टिकच्या जिभल्या मोडून टाका. त्या असतील तर चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं जाऊन टेप पुसली जाऊ शकते.

आता टॉर्च घ्या आणि कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीकडे तिरक्या उजेडात बघा. कडेवर पांढरट ठिपके किंवा जाळी दिसली तर ती बुरशी. मुंबई, कोकण, गोवा इथल्या दमट हवेत माळ्यावर राहिलेल्या टेपांमध्ये ती सर्रास दिसते. अशा कॅसेटी लगेच वेगळ्या पिशवीत बंद करा. बुरशी लागलेली टेप ज्या डेकमधून गेली, त्याच डेकमधून चांगली टेप गेली तर रोलरवरून लागण तिच्यापर्यंत पोचते. बुरशीवाल्या टेपा सगळ्यात शेवटी घ्यायच्या, कोरड्या हवेत, मास्क लावून, आणि प्रत्येकीनंतर डेक पुसायचा.

दुसरं बघायचं ते टेपच्या मागचं नमद्याचं छोटं ठिगळ. प्रेशर पॅड म्हणतात त्याला. टेपला हेडवर, म्हणजे डेकच्या टेप वाचणाऱ्या भागावर, चेपून धरायचं काम त्याचं. जुना डिंक सुकून ते गळून पडलेलं असतं, आणि मग आवाज गढूळ येतो, येतो आणि जातो. आपल्याला वाटतं रेकॉर्डिंगच खराब होतं. आमच्या सात नंबरच्या कॅसेटचं असंच झालं होतं. जुन्या बाजारात दहा रुपयांना मिळालेली पाच स्क्रूची एक कॅसेट घेतली, तिचं पोट उघडलं, आमची टेप दोन्ही चकत्यांसकट अलगद उचलून त्या नव्या खोळीत ठेवली, टेप दोन्ही कोपऱ्यांच्या रोलरवरून ओढून घेतली आणि झाकण लावलं. बटण दाबल्यावर पहिल्या सेकंदाला हाय-हॅटचा, म्हणजे ड्रमच्या जोडझांजेचा, असा लख्ख आवाज आला की बायको स्वयंपाकघरातून बघायला आली. खोळ निवडताना स्क्रूचीच घ्या. चिकटवलेली खोळ उघडताना चिरते आणि तिचे तुकडे टेपवर पडतात.

डेक

चांगला डेक मिळवणं हे या कामातलं सगळ्यात चिकाटीचं काम. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली आणि जुना बाजार इथे हिंडावं लागतं, नाहीतर ओळखीत कुणाच्या तरी हॉलमध्ये झाकून ठेवलेला असतो. यूएसबी लावायचे हलके प्लास्टिकचे प्लेअर घेऊ नका. त्यांची चाल डगमगते आणि ती डगमग तुमच्या गाण्यात कायमची उतरते.

डेकचा पट्टा बदलून घ्या. हेड आणि टेप ओढणारी कॅप्स्टनची लोखंडी काडी कापसाच्या काडीने, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. रबरी रोलरला अल्कोहोल कमी वापरा, कोमट पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं पुरतं. कापूस तपकिरी निघायचा थांबेपर्यंत पुसत राहा.

आता हेडचा कोन. हेडच्या बाजूला स्प्रिंगवर बसवलेला एक छोटा स्क्रू असतो. ज्या मशीनवर टेप रेकॉर्ड झाली त्या मशीनच्या हेडचा कोन आणि तुमच्या डेकच्या हेडचा कोन जुळला नाही की वरच्या पट्टीचा सगळा तजेला जातो. स्क्रूची मूळ जागा आधी नेलपॉलिशच्या ठिपक्याने खूण करून ठेवा. मग टेप चालू असताना आवाज मोनोमध्ये (डावी-उजवी बाजू एकत्र करून) ऐका आणि स्क्रू अगदी कणाकणाने फिरवा. सिंबल, म्हणजे ड्रमच्या झांजा, सगळ्यात स्वच्छ वाजतील तिथे थांबा. हे प्रत्येक कॅसेटला नव्याने करावं लागतं, कारण एक टेप जॅमपॅडच्या, म्हणजे सरावाच्या खोलीतल्या, टू-इन-वनवर भरलेली असते, दुसरी कुणाच्या काकांच्या डेकवर. दोन मिनिटांचं काम आहे, पण महागड्या सॉफ्टवेअरने नंतर जे साधत नाही ते इथे फुकट साधतं.

एका दुकानाने आमच्या तीन कॅसेटी आधी सीडीवर उतरवून दिल्या होत्या. खरखर काढून टाकली असं कौतुकाने सांगितलं होतं. खरखरीबरोबर ब्रशने वाजवलेला स्नेअर ड्रम पूर्ण गेला होता, आणि गायक घोंगडीतून गातोय असं वाटत होतं. ती सीडी आम्ही वर्षभर ‘मूळ’ समजत होतो. तेव्हा बाहेर काम दिलंत तर बजावून सांगा: काहीही साफ करू नका, नुसतं उतरवून द्या.

चार ट्रॅकच्या टेपांना वेगळी वागणूक लागते. टॅस्कॅम या कंपनीने १९७९ मध्ये पोर्टास्टुडिओ हे चार ट्रॅकचं पहिलं कॅसेट मशीन आणलं आणि घरी बसून थरांवर थर चढवणं सामान्य माणसाच्या आवाक्यात आलं. या मशीनवर टेपची पूर्ण रुंदी एकाच दिशेने वापरली जाते आणि बऱ्याच मॉडेलांवर टेप दुप्पट वेगाने पळते. अशी टेप साध्या डेकमध्ये घातलीत तर दोन ट्रॅक निम्म्या वेगाने, भुतासारखे ऐकू येतील, आणि कॅसेट उलटी केलीत की उरलेले दोन उलटे वाजतील. घाबरू नका, टेप शाबूत आहे. शक्यतो तेच मशीन शोधा आणि चारही ट्रॅक चार वेगळ्या फाइलींत एकाच वेळी उतरवा. मशीनवर डीबीएक्स नावाचं खरखर कमी करणारं बटण असेल तर रेकॉर्डिंगच्या वेळी ते चालू होतं का हे तपासा. ते चालू ठेवून भरलेली टेप त्याशिवाय वाजवली तर आवाज कर्कश आणि धापा टाकल्यासारखा येतो. डॉल्बी या खरखर कमी करणाऱ्या दुसऱ्या सोयीचंही तेच, फक्त फरक इतका ठसठशीत नसतो.

उतरवून घेणं

संगणकाच्या ध्वनिकार्डातून २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर, डब्ल्यूएव्ही या न दाबलेल्या फाइलमध्ये घ्या. तासाभराच्या स्टिरिओ टेपला सुमारे दोन जीबी लागतात. आमच्या ४१ कॅसेटी शंभर जीबीच्या आसपास गेल्या, म्हणजे आजच्या मानाने काहीच नाही. जागा वाचवायला एमपीथ्री करू नका. पातळी अशी ठेवा की सगळ्यात मोठा ठोका वरच्या मर्यादेच्या सहा डेसिबल खाली राहील.

टेप आधी एकदा पुढे आणि एकदा मागे पूर्ण फिरवून घ्या, म्हणजे वर्षानुवर्षांचा ताण सुटतो. मग पूर्ण बाजू एका दमात उतरवा. गाण्यांमधली शांतता, बोलणं, सूर लावणं, कुणाची तरी आई चहाला हाक मारते ते, सगळं. गाणी नंतर कापता येतात. आमच्या एकोणीस नंबरच्या टेपवर दोन टेकच्या (गाणं एकदा वाजवून भरलं की एक टेक) मधे चार मिनिटं रेकॉर्डिंग तसंच चालू राहिलं आहे. बेसिस्ट दुसऱ्या अंतऱ्याला एक सूर खाली जायचं सुचवतो, ड्रमर नको म्हणतो, मग दोघं वाजवून बघतात आणि खोलीत एकदम शांतता पसरते. ते गाणं आम्ही आयुष्यभर तसंच वाजवलं. ते कुठून आलं हे कुणालाच आठवत नव्हतं.

उतरवताना तिथे बसा, हेडफोन लावा आणि वहीत मिनिटांनिशी लिहीत जा. हा वेळ वाचवता येत नाही. दिवसाला दोन कॅसेटींच्या वर करू नका, कान बधिर होतात.

इतर माध्यमांचं थोडक्यात. घरी बनवलेल्या सीडी आधी घ्या, कारण त्यांचा रंगीत थर उडत जातो आणि एक दिवस सीडी वाचलीच जात नाही. मिनिडिस्कमधून यूएसबीने थेट डिजिटल काढून घ्यायची सोय फार थोड्या मशीनांत आहे. सोनीचं २००६ चं एमझी-आरएच१ त्यातलं एक. ते मिळालं नाही तर हेडफोनच्या तोंडातून साध्या तारेने घ्या. जुन्या हार्ड डिस्कवर रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्ट फाइली सापडल्या तर तेव्हाचं सॉफ्टवेअर चालतंय तोवर प्रत्येक ट्रॅक शून्य सेकंदापासून वेगवेगळा डब्ल्यूएव्ही करून काढा. नुसती प्रोजेक्ट फाइल दहा वर्षांनी कुणालाच उघडता येणार नाही. व्हॉट्सॲपवर फिरलेले डेमो दाबून बारीक झालेले असतात, म्हणून ज्याच्या फोनवर ते मुळात रेकॉर्ड झाले त्याला मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा.

फाइलीचं नाव ठरावीक साच्यातच ठेवा: वस्तूचा क्रमांक, बाजू, मग वर्ष-महिना-दिवस. ‘फायनल’, ‘फायनल२’, ‘खरंच फायनल’ हे शब्द या कामात वर्ज्य. आणि प्रती तीन: एक संगणकावर, एक बाहेरच्या डिस्कवर, एक दुसऱ्या गावात. आमची तिसरी प्रत ड्रमरच्या बहिणीकडे नागपूरला आहे. क्लाउड असलाच तर तो यावर जादा.

उतरवलेली ही फाइल म्हणजे तुमची मूळ प्रत. तिला परत कधीही हात लावायचा नाही. कापणं, साफ करणं, वेग बदलणं सगळं नकलेवर.

हे कधीचं, कुणाचं?

मला या कामात सगळ्यात जास्त आनंद इथे मिळाला. आठवणीवर विसंबू नका. टेपच पुरावा देते.

बावीस नंबरच्या टेपवर कार्डावर ‘९४’ लिहिलं होतं. तिसऱ्या गाण्याच्या शेवटी ॲम्पमधून (गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या पेटीतून) ओळखीची ‘टिर्र-टि-टि-टिर्र’ अशी कुरकुर येते. मोबाइलवर फोन यायच्या आधी स्पीकरमधून यायची तीच. भारतात पहिला मोबाइल कॉल झाला ३१ जुलै १९९५ ला, आणि आमच्यापैकी कुणाच्या खिशात फोन यायला त्यानंतर बरीच वर्षं गेली. म्हणजे जुन्या टेपवर नवं रेकॉर्डिंग चढवलं होतं आणि कार्ड बदललं नव्हतं. अशा खुणा शोधा: मागे टीव्हीवर लागलेली जाहिरात, क्रिकेटचा स्कोअर, बाहेर गणपतीचे ढोल, पत्र्यावरचा पाऊस. नवी गिटार किंवा नवं पेडल कधी घेतलं त्याची पावती कुणाकडे तरी असते.

टेपचा वेग बरोबर आहे का, हे ओळखायला विजेची गुणगुण उपयोगी पडते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, अमेरिकेतली ६०. ॲम्पची गुणगुण टेपवर उतरलेली असते. फाइल स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे कुठल्या फ्रीक्वेन्सीला किती आवाज आहे ते दाखवणाऱ्या चित्रात, बघितली आणि ती ५० ऐवजी ५१.५ वर दिसली, तर टेप तीन टक्के जोरात धावते आहे, म्हणजे जवळजवळ अर्धा सेमीटोन वर (कीबोर्डच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक सेमीटोन). फक्त टेप थांबवूनही तीच गुणगुण येत असेल तर ती तुमच्या डेकची आहे, टेपची नव्हे. आणखी एक सावधगिरी: नव्वदच्या दशकात आपल्या ग्रिडची फ्रीक्वेन्सीच बरीच हलायची, तेव्हा या आकड्यावर एकट्यावर विसंबू नका. कीबोर्ड वाजत असेल तर त्याच्या सुराशी ताडून बघा, कारण कीबोर्ड गिटारसारखा उतरत नाही.

मग माणसांना विचारा, पण एकेकट्याला. सगळे एकत्र बसले की जो मोठ्याने बोलतो त्याची आठवण सगळ्यांची होऊन जाते. प्रत्येकाला तीस-तीस सेकंदांचे तुकडे पाठवा, उत्तरं वेगवेगळी लिहा, जुळली तरच ‘पक्कं’ म्हणा.

निवड

‘पिक्सीज’ या अमेरिकन रॉक बँडची गोष्ट इथे सांगायलाच हवी. मार्च १९८७ मध्ये बॉस्टनच्या फोर्ट अपाचे स्टुडिओत त्यांनी १७ गाण्यांचा डेमो केला. त्यासाठीचे हजार डॉलर गायकाच्या वडिलांनी उसने दिले होते. कव्हरच्या रंगामुळे त्याला ‘पर्पल टेप’ म्हणतात. फोर एडी या ब्रिटिश रेकॉर्ड कंपनीने त्यातली आठ गाणी घेऊन त्याच वर्षी ‘कम ऑन पिल्ग्रिम’ काढलं. उरलेली नऊ पंधरा वर्षं अप्रकाशित राहिली आणि २००२ मध्ये बाहेर आली. त्या मागे ठेवलेल्या गाण्यांमध्ये ‘हिअर कम्स युअर मॅन’ होतं, जे नव्याने रेकॉर्ड होऊन १९८९ च्या ‘डूलिटल’वर आलं आणि त्यांच्या सगळ्यात लाडक्या गाण्यांपैकी एक झालं. त्यातलंच ‘सबाकल्चा’ १९९१ च्या अल्बमवर गेलं. म्हणजे कोणे एके काळी ‘नको’ म्हटलेलं गाणं वाईटच होतं असं धरून चालू नका. तेव्हा का नाकारलं हे मात्र वहीत लिहा. कधी वेळ नव्हता, कधी भांडण झालं होतं.

माझी पद्धत अशी. पहिल्या फेरीत सगळं ऐकायचं आणि मत द्यायचं नाही. पंधरा दिवसांनी दुसऱ्या फेरीत प्रत्येक तुकड्याला अ, ब किंवा क. ‘अ’ म्हणजे अनोळखी माणसाला ऐकवावं असं. ‘ब’ म्हणजे आपल्या लोकांना. ‘क’ म्हणजे जपून ठेवायचं, एवढंच. आमच्या ११२ तुकड्यांपैकी ‘अ’ निघाले चौदा.

एकाच गाण्याच्या पाच आवृत्त्या असतील तर सगळ्यात बिनचूक ती घेऊ नका. ज्या टेकमध्ये काहीतरी घडतंय ती घ्या. आमच्या एका गाण्याचे दोन डेमो आहेत: स्टुडिओत पैसे मोजून केलेला आणि त्याआधी जिन्याखाली एका माइकवर केलेला. जिन्याखालच्यात गायिका दुसऱ्या कडव्याचे शब्द विसरते आणि तीच चाल नुसती गुणगुणते. अल्बमवर तेच आलं.

अर्धवट राहिलेल्यांनाही जागा असते. ‘मॉडेस्ट माउस’ या अमेरिकन बँडने १९९४ मध्ये रेकॉर्ड केलेला आणि पडून राहिलेला पहिला अल्बम २००१ मध्ये ‘सॅड सॅपी सकर’ नावाने आला, आणि त्यात फोनच्या आन्सरिंग मशीनसाठी रेकॉर्ड केलेले छोटे तुकडेही आहेत. एक-दोन मिनिटांचे असे तुकडे दोन पूर्ण गाण्यांमध्ये ठेवले की ऐकणाऱ्याला श्वास मिळतो. पण शंभर गाणी काढायला पोलार्ड असावं लागतं. पहिल्या संग्रहाला दहा ते चौदा पुष्कळ.

हक्क आणि होकार

इथे घाई केली की मैत्री तुटते. जो टेपवर ऐकू येतो, त्या प्रत्येकाचा लेखी होकार घ्या, बँड सोडून गेलेल्याचाही. भारताच्या कॉपीराइट कायद्यात (१९५७) शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण हे तीन वेगळे हक्क आहेत, आणि वाजवणाऱ्या-गाणाऱ्यांचा हक्क त्याहून निराळा. ध्वनिमुद्रणाचा हक्क, ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेऊन ते करवलं, त्या निर्मात्याचा. जिन्याखालच्या डेमोत तो बँडच असतो. स्टुडिओचा खर्च दुसऱ्या कुणी उचलला असेल तर आधी त्याच्याशी बोला.

कधीकाळी एखाद्या कंपनीबरोबर सही केली असेल तर तो कागद शोधून काढा. हक्क हस्तांतरित होतात ते लेखीच. करारात मुदत दिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि ज्याला हक्क दिला त्याने वर्षभरात तो वापरलाच नाही, तर करारात वेगळं म्हटलेलं नसल्यास तो हक्क संपतो. खोक्यात पडून राहिलेल्या गाण्यांना हे शेवटचं कलम फार उपयोगी पडतं. एकदा वकिलाला दाखवाच.

मराठी बँडांचा एक खास प्रश्न म्हणजे कविता. जॅममध्ये कवितांना चाली लावताना परवानगीचा विचार कुणी केलेला नसतो. कवीच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क वारसांकडे असतो. बालकवी १९१८ मध्ये गेले, मर्ढेकर १९५६ मध्ये, म्हणून त्यांच्या कविता आता मोकळ्या आहेत. कुसुमाग्रज गेले १९९९ मध्ये, ग्रेस २०१२ मध्ये. त्यांच्या शब्दांसाठी परवानगी लागणारच. आमच्या चौदा गाण्यांपैकी एक याच कारणाने थांबलं. वारसांना पत्र पाठवलं आहे, उत्तर येईपर्यंत ते खोक्यात राहील.

अरुण कोलटकरांचीही इथे आठवण होते. १९७३ च्या सुमारास त्यांनी इंग्रजीत गाणी लिहून मित्रांच्या मदतीने त्यांचा डेमो केला होता आणि लंडनच्या लोकांपर्यंत तो पोचवायचा प्रयत्नही झाला होता. रेकॉर्ड काही निघाली नाही. आपल्या भाषेतला इतका मोठा कवी डेमो घेऊन दारं ठोठावत होता, हे मला माझ्या खोक्याकडे बघताना नेहमी आठवतं.

बँडमधलं कुणी हयात नसेल तर फार जपून. एलियट स्मिथ हा अमेरिकन गायक-गीतकार २००३ मध्ये गेला. १९९४ ते १९९७ या काळातली त्याची २४ गाणी २००७ मध्ये ‘न्यू मून’ नावाने आली. त्याच्या टेपा सांभाळणाऱ्या लॅरी क्रेननी त्याच्याबरोबर काम केलेलं होतं. मागे राहिलेल्या गाण्यांना कुणाचा हात लागावा, याचं माझं उत्तर तेच: जो त्या खोलीत होता त्याचा, आणि घरच्यांना विचारून.

साफसफाई आणि बाहेर काढणं

नकलेवर काम करा. आधी वेग दुरुस्त करा. गुणगुण खुपतच असेल तर ५० हर्ट्झ आणि तिच्या पटींवर अगदी अरुंद कात्री लावा. अचानक येणारे टिचके हाताने एकेक काढा. टेपची खरखर राहू द्या. ती काढायचं सॉफ्टवेअर थोडं लावलं तरी सिंबलच्या मागे पाण्याखालचा बुडबुडाट येतो. नवीन वाद्यं चढवू नका, बेसूर सूर ओढून सुरात आणू नका. सुरुवातीला बटणाचा ‘खट’ आणि ड्रमरचे ‘वन, टू’ ठेवा. सगळी गाणी सारख्याच मोठ्या आवाजाची करायची गरज नाही, ऐकणाऱ्याला बटणाकडे हात न्यावा लागू नये एवढंच बघा.

प्रत्येक गाण्याला आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक लागतो. भारतात तो इंडियन म्युझिक इंडस्ट्री ही संस्था देते, आणि स्ट्रीमिंगवर गाणी पोचवणारे वितरक बहुधा स्वतःच लावून देतात. माझं मत बँडकॅम्पकडे, म्हणजे बँडना स्वतःची गाणी थेट विकता येणाऱ्या साइटकडे, झुकतं, कारण तिथे लांबलचक टिपणं आणि फोटो जोडता येतात. जून २०१९ मध्ये ‘रेडिओहेड’ या ब्रिटिश बँडची ‘ओके कम्प्युटर’ अल्बमच्या काळातली, मिनिडिस्कवरची रेकॉर्डिंगं चोरीला जाऊन इंटरनेटवर फुटली, तेव्हा बँडने ती १८ तासांची रेकॉर्डिंगं तिथेच १८ पौंडांना १८ दिवस ठेवली आणि पैसे पर्यावरणाच्या चळवळीला दिले. चोरीची वाट न बघताही हे करता येतं: ‘अ’ गाणी सगळ्यांसाठी, आणि ‘ब’ची एक खाजगी लिंक आपल्या लोकांसाठी.

टिपणांवर मेहनत घ्या. प्रत्येक गाण्याखाली चार ओळी पुरेत: कुठली खोली, कुठलं मशीन, कोण काय वाजवतंय, पहिल्यांदा कुठे वाजवलं. तारीख अंदाजी असेल तर ‘अंदाजे’ हा शब्द लिहा. ज्या घरातल्यांनी तो गोंगाट सोसला त्यांची नावं, त्यांना विचारून, घाला.

प्रकाशन झालं म्हणून मूळ टेपा टाकून देऊ नका. कॅसेट शेवटपर्यंत गुंडाळून, उभी, डबीत, सिलिका जेलच्या पुड्यांसकट हवाबंद डब्यात ठेवा. डबा स्पीकरपासून लांब, बाहेरच्या भिंतीला न लागलेल्या कपाटात, आणि माळ्यावर मुळीच नाही. आमच्या वहीत शेवटचा रकाना ‘तपासणी’चा आहे. दरवर्षी मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी, पाऊस यायच्या आत, डबा उघडायचा, पुड्या बदलायच्या, टॉर्च मारून कडा बघायच्या आणि तारीख टाकून सही करायची.